पाणी भरलेल्या लवचिक बॅरियरचं मॉडेल: बाहेरचं पाणी वाढवलं की सॉल्व्हर बंद पडतो, काय चुकतंय?

ओलीवाळू

नमस्कार मंडळी, दोन आठवडे अडकलोय म्हणून शेवटी इथे विचारतोय. पूर यायच्या आधी जमिनीवर अंथरून पाण्यानेच फुगवतात त्या लांबलचक ट्यूब असतात ना, वाळूच्या पोत्यांऐवजी, त्यातल्या एका ट्यूबचं २डी मॉडेल करतोय. म्हणजे १ मीटर लांबीचा काप धरायचा आणि किती उंच पाण्यापर्यंत ती जागेवर राहते ते बघायचं, एवढंच.

ट्यूबचा व्यास १.२ मीटर, कापड कोटिंग केलेलं पॉलिएस्टर, मेंब्रेन एलिमेंट (वाकायला विरोध न करणारे मॉडेलचे तुकडे) वापरलेत. आत १.४ मीटर हेडचा, म्हणजे तेवढ्या उंच पाण्याचा, दाब दिलाय, म्हणजे साधारण १३.७ किलोपास्कल. खाली कडक जमीन, घर्षण गुणांक ०.३. पहिल्या स्टेपला फुगवतो, ती व्यवस्थित पूर्ण होते, ट्यूब छान गोल होते, कापडातला ताण मीटरला ८.२ किलोन्यूटन येतो. दुसऱ्या स्टेपला एका बाजूने बाहेरचं पाणी वाढवतो आणि तिथे सगळं संपतं, जेमतेम काही सेंटिमीटर पाणी चढलं की सॉल्व्हर (मॉडेलची समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम) झीरो पिव्हटची वॉर्निंग देतो, इन्क्रिमेंट छोटे छोटे करत जातो आणि बंद पडतो.

हाताने गणित केलं तर काहीच अडचण दिसत नाही. बाहेर ०.६ मीटर पाणी धरलं तर आडवा जोर मीटरला १.७७ किलोन्यूटन. ट्यूबमधल्या पाण्याचं वजन ११.१ किलोन्यूटन, त्याच्या ०.३ पट म्हणजे ३.३. फॅक्टर ऑफ सेफ्टी १.९ च्या आसपास. मग मॉडेल ५ सेंटिमीटरलाच का मरतंय? मेश बारीक केला, घर्षण ०.६ केलं, कॉन्टॅक्टच्या सगळ्या सेटिंग उलटसुलट केल्या. घर्षण वाढवून पण त्याच जागी बंद पडतं हे तर अजिबात कळत नाहीये.

पटलाचा_ताण

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक चूक आहे आणि एक चूक नाहीच, ते बरोबर उत्तर आहे, फक्त तुम्हाला नको असलेलं.

आधी चूक. फुगवल्यावर ट्यूब छान गोल झाली म्हणालात तिथेच शंका आली. पाणी भरलेली ट्यूब जमिनीवर गोल राहत नाही, ती बसते, खाली सपाट पट्टा तयार होतो. तुमची गोल राहिली कारण तुम्ही आत सगळीकडे सारखाच दाब दिलाय, हवा भरल्यासारखा. पाण्याचा दाब तळाला जास्त आणि वर कमी असतो. ताणावरून पण हेच दिसतं, १३.७ गुणिले ०.६ त्रिज्या म्हणजे बरोबर ८.२.

खरा आकार काढायला एफईएम (तुकडे पाडून गणित करायची फायनाइट एलिमेंट पद्धत) लागत पण नाही. कापडाला वाकायला विरोध नाही आणि त्याचं स्वतःचं वजन नगण्य असं धरलं की प्रत्येक जागी वक्रता म्हणजे तिथला दाब भागिले ताण. जमिनीपासून सुरुवात करून पायरी पायरीने वर जायचं, माथ्यावर कापड आडवं झालं पाहिजे आणि एकूण घेर जुळला पाहिजे, तोपर्यंत ताणाचा आणि उंचीचा अंदाज बदलत राहायचं. शूटिंग मेथड म्हणतात तीच, पन्नास ओळींचा कोड होतो. तुमच्या घेरासाठी म्हणजे ३.७७ मीटरसाठी आणि १.४ मीटर हेडसाठी मी आत्ता काढून बघितलं: उंची साधारण ०.९ मीटर, जमिनीला टेकलेला पट्टा ०.७४ मीटर, ताण ४.२ किलोन्यूटन, पाण्याचं वजन १०.२ किलोन्यूटन. म्हणजे १.२ व्यासाची ट्यूब १.२ उंच उभी राहतच नाही, आणि तुमचा ताण जवळजवळ दुप्पट येत होता.

तपासायला एक सोपं सूत्र ठेवा. बाहेर पाणी नसताना ट्यूब माथ्यातून उभी कापली असं समजा, वरचा ताण आणि खालचा ताण मिळून आतल्या पाण्याचा आडवा जोर पेलतात. त्यातून ताण येतो पाण्याचा एकक भार गुणिले (२ × हेड × उंची − उंचीचा वर्ग) भागिले ४. मॉडेल यातून बाहेर जात असेल तर पुढच्या स्टेपला हातच लावू नका.

आता दुसरी गोष्ट, ही महत्त्वाची. दाब दुरुस्त केला तरी तुमचा सॉल्व्हर बंदच पडणार आहे. एकटी मोकळी ट्यूब सपाट जमिनीवर बाहेरचं पाणी अडवूच शकत नाही, घर्षण कितीही असो.

कसं ते बघा. कापडावर आतलं आणि बाहेरचं पाणी फक्त काटकोनात दाबतं. काटकोनातला दाब कापडाची दिशा वळवतो, ताण बदलत नाही. म्हणजे ओल्या बाजूला कापड जमीन सोडतं तेव्हा त्यात जेवढा ताण आहे तेवढाच ताण अख्खा वळसा घालून कोरड्या बाजूला जमिनीला टेकताना आहे. (कापडाचं वजन धरलं तरी ताण उंचीप्रमाणे बदलतो आणि दोन्ही कडा एकाच उंचीवर आहेत, त्यामुळे तिथे तो पुन्हा सारखाच.) आता फक्त जमिनीला टेकलेला सपाट पट्टा वेगळा काढून बघा. त्याला एका टोकाला ताण ओढतोय, दुसऱ्या टोकाला तेवढाच ताण उलट्या दिशेला ओढतोय, दोन्ही आडवे. शिल्लक शून्य. म्हणजे त्या पट्ट्याला जमिनीकडून घर्षण घ्यायची गरजच पडत नाही, आणि जे घर्षण लागतच नाही ते बाहेरच्या १.७७ किलोन्यूटनला विरोध कसं करणार? घर्षण ०.३ वरून ०.६ केलं तरी काही फरक पडला नाही याचं कारण हेच. ट्यूब घसरत नाहीये, ती लोळतेय, रणगाड्याचा पट्टा फिरतो तशी. कापड जमिनीवर घासलं न जाता पुढे टेकत जातं आणि मागून उचललं जातं.

तुमच्या हाताच्या गणितात ट्यूब म्हणजे एक दगडी ठोकळा धरलाय. ठोकळा घसरू शकतो, लोळू शकत नाही, म्हणून १.९ आलं.

गाठीचा_मेश

वरचं उत्तर एकदम नेमकं आहे, त्यात सॉल्व्हरच्या बाजूने थोडी भर घालतो कारण हाच खड्डा मी पण बघितलाय आणि त्यातून बाहेर पडायचा जो सोपा रस्ता वाटतो तो फार धोकादायक आहे.

झीरो पिव्हट म्हणजे सॉल्व्हर सांगतोय की एका हालचालीला या मॉडेलमध्ये काहीच ताठपणा नाही. ती हालचाल म्हणजे लोळणं. स्टॅटिक सॉल्व्हरला समतोल शोधायचा असतो आणि इथे समतोलच नाहीये, मग तो बंद पडणार नाही तर काय करणार. अशा वेळी लोक ऑटोमॅटिक स्टॅबिलायझेशन (रन बंद पडू नये म्हणून सॉफ्टवेअर हालचालीला घालतं तो कृत्रिम विरोध, म्हणजे डॅम्पिंग) चालू करतात, रन शेवटपर्यंत जातो, रंगीत चित्र येतं, ट्यूब थोडी सरकलेली दिसते आणि रिपोर्टमध्ये जातं की बॅरियर सुरक्षित. अहो, तो आडवा जोर त्या खोट्या डॅम्पिंगनेच पेललेला असतो! स्टॅबिलायझेशन वापरायचंच असेल तर डॅम्पिंगमध्ये गेलेली ऊर्जा आणि कापडाची स्ट्रेन एनर्जी (ताणल्यामुळे साठलेली ऊर्जा) शेजारी शेजारी प्लॉट करा, पहिली दुसरीच्या काही टक्क्यांपेक्षा मोठी झाली की तो रन फेकून द्या. माझं प्रामाणिक मत, या प्रकारच्या कामात ते बटण बंदच ठेवावं.

त्यापेक्षा एक्सप्लिसिट किंवा डायनॅमिक रिलॅक्सेशन घ्या, म्हणजे वेळेच्या बारीक पायऱ्यांनी हालचाल काढत जाणारी पद्धत. बाहेरचं पाणी अगदी हळू वाढवा, ट्यूब लोळायला लागली की डोळ्याला दिसते, काही लपत नाही. व्हर्जिनिया टेकमध्ये २००० नंतरच्या काही वर्षांत अशा पूरनियंत्रण ट्यूबवर बरंच काम झालं, प्रयोग पण आणि मॉडेल पण, आणि मॉडेल फ्लॅकमध्ये केलेली होती, म्हणजे फायनाइट डिफरन्सचा टाइम स्टेपिंगवाला प्रोग्रॅम. कापडासाठी बीम एलिमेंट घ्यायचे आणि वाकण्याचा ताठपणा अगदी नावापुरता ठेवायचा. मेंब्रेन एलिमेंट स्वतःच्या लांबीत आक्रसले की सुरकुततात आणि तिथे अजून एक झीरो पिव्हट तयार होतो, तो त्रास पण त्यामुळे जातो.

दाब देताना दोन गोष्टी सांभाळा. दाब कापडासोबत फिरला पाहिजे, म्हणजे प्रत्येक पायरीला कापडाच्या आत्ताच्या काटकोनात आणि आत्ताच्या उंचीप्रमाणे. इम्प्लिसिटमध्ये (प्रत्येक पायरीला समतोलाची समीकरणं एकत्र सोडवणारी पद्धत) असाल तर याने मॅट्रिक्स असिमेट्रिक होतं, तो ऑप्शन चालू केला नाही तर उगाच कन्व्हर्जन्स जातो आणि आपण भलतीकडे शोधत बसतो. दुसरं, व्हॉल्व्ह बंद केल्यावर आतलं हेड १.४ च राहत नाही. आतल्या पाण्याचं आकारमान कायम राहतं, बाहेरून दाबलं की ट्यूब थोडी उभट होते, माथा वर येतो, हेड वाढतं, ताण वाढतो. म्हणून पहिल्या स्टेपला हेड ठरवा आणि दुसऱ्या स्टेपला क्षेत्रफळ कायम ठेवून हेड शोधा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये फ्लुइड कॅव्हिटी नावाची सोय असते पण ती आत सगळीकडे एकसारखा दाब धरते, मला वाटतं तुम्ही तिथेच फसलात. उंचीप्रमाणे बदलणारा दाब छोट्या सबरूटीनने द्यावा लागेल.

बांधावरचा

मी मॉडेलवाला नाही, या ट्यूब प्रत्यक्ष लावायचं काम करतो. वरचं वाचून एक विचारावंसं वाटतं, कारण मी एकटी ट्यूब वीत दीड वीत पाणी अडवून उभी राहिलेली स्वतः बघितली आहे. मग ते कसं?

आणि लोळण्याबद्दल सांगायचं तर आमच्यात ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते, फक्त अशी गणिताने कोणी सांगत नाही. म्हणून तर विकायला येणाऱ्या ट्यूब एकट्या नसतातच. काहींच्या आत मधोमध उभा पडदा शिवलेला असतो, काहींत दोन ट्यूब एका बाहेरच्या जाड खोळीत घातलेल्या असतात, काहींना पाण्याच्या बाजूला लांब ॲप्रन, म्हणजे जमिनीवर अंथरलेला कापडाचा पट्टा, असतो, काही तीन ट्यूब खाली दोन वर एक अशा पट्ट्यांनी बांधतात.

पटलाचा_ताण

@बांधावरचा, छान मुद्दा. मी जे लिहिलं ते अगदी सपाट, कडक जमिनीसाठी आणि अनंत लांब ट्यूबसाठी आहे. प्रत्यक्षात ट्यूबची टोकं दुमडून बंद केलेली असतात, त्या दुमडीला लोळायचं म्हणजे पिळावं लागतं, त्यामुळे ट्यूब आखूड असेल तर टोकं बराच विरोध करतात. जमीन मऊ असेल तर ट्यूब तिच्यात रुतते, टेकलेला पट्टा सपाट न राहता खोलगट होतो आणि कोरड्या बाजूची कड पाचरीसारखं काम करते. जमिनीला पाण्याच्या दिशेने थोडा उतार असेल तरी मदत होते. पण यातलं काहीही भरवशाचं नाही, लांब ट्यूबच्या मधल्या भागात तर नाहीच.

तुम्ही सांगितलेल्या चारही प्रकारांत एकच गोष्ट साधलेली आहे: दोन कडांच्या ताणात फरक पडू द्यायचा, म्हणजे घर्षणाला काम मिळतं. आतला पडदा घ्या. ट्यूब लोळायला लागली की पडदा तिरका होतो आणि ताणला जातो, त्याचा आडवा ओढा वरच्या आणि खालच्या शिवणीवर येतो आणि तिथे कापडाचा ताण बदलतो. म्हणजे थोडं कलल्याशिवाय पडदा काम करत नाही, मॉडेलमध्ये माथा आधी कोरड्या बाजूला सरकेल आणि मग थांबेल, ते बघून घाबरू नका. खोळीतल्या दोन ट्यूबचं तर फारच सुंदर आहे, दोघी एकाच दिशेला लोळायला बघतात पण जिथे एकमेकींना टेकतात तिथे एकीचं कापड वर जायला बघतं आणि दुसरीचं खाली. दात अडकलेली दोन चाकं एकाच दिशेला फिरू शकत नाहीत तसं. त्यामुळे त्या मॉडेलमध्ये कापड आणि कापड यांच्यातलं घर्षण हा वेगळा इनपुट लागतो, जमिनीचं घर्षण तिथे टाकून चालत नाही. ॲप्रन म्हणजे साधं नांगरासारखं, वरचं पाणी त्याला दाबून धरतं आणि तो ट्यूबला ओढून धरतो.

बांधावरचा

ॲप्रनचं एक सांगतो, त्याची पुढची कड जमिनीला नीट चिकटली नाही आणि पाणी खाली शिरलं की वरून जेवढा दाब तेवढाच खालून, मग तो नुसता पाण्यात अंथरलेला कागद. पुढच्या कडेवर वजन ठेवायला आम्ही कधीच विसरत नाही. आणि घर्षण गुणांक पुस्तकातून घेऊ नका हो. त्याच कापडाची लहान पिशवी पाण्याने भरायची, ज्या जमिनीवर लावायचंय त्याच जमिनीवर, ती ओली करून, ताणकाट्याने ओढायची. ओलं गवत, काँक्रीट आणि चिखल यांत जमीन अस्मानाचा फरक येतो.

ओलीवाळू

सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच. चार दिवस लागले पण आता चित्र स्पष्ट आहे.

शूटिंगचा कोड लिहिला, उंची ०.९०, ताण ४.२ आला, @पटलाचा_ताण यांच्या आकड्यांशी जुळला. मग मॉडेल एक्सप्लिसिटमध्ये नेलं, दाब सबरूटीनने उंचीप्रमाणे दिला. एकटी ट्यूब खरंच लोळते, ॲनिमेशनमध्ये कापडावर एक खूण करून ठेवली होती ती खाली जाऊन दुसऱ्या बाजूने वर येताना दिसली. दोन आठवडे मी ज्याला एरर समजून भांडत होतो ते उत्तर होतं.

मग मधोमध पडदा टाकला. माथा कोरड्या बाजूला सरकला, पडदा ताणला आणि ०.६ मीटर पाण्याला थांबला. आता घर्षण बदललं की निकाल बदलतो. पण एक शंका आहे. ट्यूबच्या खाली पाणी शिरतं ते मी अजून धरलेलं नाही. कापड आणि जमीन यांच्यामध्ये आतून १.४ मीटर हेडचा दाब आहे आणि बाहेर ०.६ च आहे, मग पाणी शिरेलच कसं? म्हणजे ते सोडून दिलं तर चालेल का?

पटलाचा_ताण

नाही चालणार. आतला दाब जास्त आहे म्हणून ट्यूब उचलली जाणार नाही हे खरं, पण पाणी गवतातून, मातीच्या भेगांतून, कापडाच्या सुरकुत्यांतून झिरपतंच, आणि जेवढा दाब ते घेऊन जातं तेवढा भार जमिनीवरून कमी होतो. घर्षण उरलेल्या भारावर चालतं.

तुमचेच आकडे घेऊन बघा. वजन १०.२. खालचा दाब ओल्या कडेला ०.६ मीटर आणि कोरड्या कडेला शून्य असा सरळ उतरत गेला तर उचल २.२ किलोन्यूटन, शिल्लक ८.०, त्याच्या ०.३ पट २.४, फॅक्टर १.३६. आता समजा कोरड्या बाजूला चिखल साचला किंवा कोणी प्लास्टिक दाबून बसवलं आणि झिरपलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही. मग खाली पूर्ण ०.६ मीटरचा दाब, उचल ४.४, शिल्लक ५.८, त्याच्या ०.३ पट १.७५ आणि जोर १.७७. संपलं. सुरुवातीच्या १.९ पासून इथपर्यंत आपण फक्त आकार आणि झिरपा नीट धरून आलो, ट्यूबला कोणी हात लावलेला नाही. शिवाय ओल्या बाजूच्या फुगवट्याखालून पाणी वर ढकलतं ते मी यात धरलेलं नाही, मॉडेलमध्ये ते टेकलेली रुंदी कमी होण्यात दिसेल, म्हणजे खरे आकडे याहून खालीच.

म्हणून दोन्ही टोकाच्या केस चालवा, उतरता दाब आणि पूर्ण दाब. डिझाइनला कुठली घ्यायची ते कोरड्या बाजूच्या निचऱ्यावर ठरेल.

बांधावरचा

कोरड्या बाजूचा निचरा! गळतं म्हणून घाबरून लोक नेमकी तीच बाजू बुजवतात. आम्ही तिथे चर खणून पंप लावतो, बुजवू देत नाही.

अजून एक, २डी मध्ये न दिसणारं. ट्यूबच्या लांबीला उतार असेल तर काय होतं ते बघून घ्या. ३० मीटरची ट्यूब, ५० ला १ उतार, दोन टोकांत ६० सेंटिमीटरचा फरक. वरच्या टोकाला उंची पुरेशी करायला गेलात की खालच्या टोकाला तेवढं हेड जादा, तिथे कापड तंबोऱ्याच्या तारेसारखं होतं आणि शिवण तिथेच उसवते. आम्ही अशा ठिकाणी आखूड ट्यूब घेऊन एकमेकींवर चढवून जोडतो.

ओलीवाळू

हे लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे एकच काप पुरेसा नाही, वरच्या टोकाचा काप स्थिरतेसाठी आणि खालच्या टोकाचा कापडाच्या ताणासाठी असे दोन चालवावे लागतील, दोन्हींत हेड वेगळं. आजच लावतो. पिशवी ओढून घर्षण मोजायचं पण या शनिवारी करतोय, ओलं गवत आणि काँक्रीट दोन्हींवर, आकडे इथेच टाकतो.

गाठीचा_मेश

टाका नक्की. फक्त ओढताना पिशवी हलायला लागते तेव्हाचा आकडा आणि हलत राहते तेव्हाचा आकडा वेगवेगळे लिहा, आणि मॉडेलमध्ये कमी असेल तो घाला. ट्यूब कलताना खालचं कापड थोडं घासलं गेलेलंच असतं.